नोदचा ओठ

३ ऑगस्ट

आज पोचले. बसमधून उतरले तर प्रांग मामी छत्री घेऊन उभी. तू नुअनच ना, असं काही विचारलं नाही तिनं. सरळ हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, काय गं ही हडकुळी, तुझी आई कारखान्यात सगळे मासे डब्यातच भरते की काय, पोरीला एकही देत नाही? मला हसू आलं. तिनं उत्तराची वाटपण बघितली नाही. मला ते फार आवडलं.

घर तळ्याकाठी, खांबांवर. घराखाली आणि अंगणात लाकडी चौकटी उभ्या आहेत, आणि प्रत्येक चौकटीत एक एक कातडं चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणून बांधलंय. वारा आला की सगळी एकदम फडफडतात. वास येतो, खोटं कशाला बोलू. पण दोन तासांत नाकाला सवय झाली.

मी आठवीनंतर शाळा का सोडली ते इथं कुणी विचारलं नाही. वर्गात उभं राहून वाचायला लावलं की माझा आवाज घशातच अडकायचा, आणि मग पोरं बाकं वाजवायची. आई म्हणाली, क्लाय मामाकडे जा, तिथं कातडी खरवडायला हात पाहिजेत, तोंड नाही. क्लाय मामा आईचा चुलतभाऊ. चामड्याच्या बाहुल्या करतो आणि पडद्यामागं बसून त्यांच्या सावल्यांचा खेळ करायचा. सगळ्या फत्तलुंग जिल्ह्यात त्याचं मंडळ माहीत आहे. पण गेल्या वर्षी क्रिआंगदादा गेला, त्याचा एकुलता एक. पुलावर मोटरसायकल घसरली. तेव्हापासून खेळ बंद, नुसत्या बाहुल्या करून विकतात.

जेवायला हळदीचं आंबट कालवण, त्यात मोठा मासा, आणि सातोच्या उग्र वासाच्या हिरव्या शेंगा. मी तीनदा भात घेतला.

रात्री आईच्या फोनवर पिमशी बोलले. पिम माझी धाकटी बहीण, सात वर्षांची आहे. तिच्याशी मी बोलते. खरं म्हणजे तिच्याशीच बोलते. तिला झोपताना माझी गोष्ट लागते, आता दर रविवारी फोनवर सांगायची असं ठरलंय. तिनं विचारलं, तिथं घाण वास येतो का. मी म्हटलं, तुझ्या पायांपेक्षा कमी.

९ ऑगस्ट

हाताला फोड आलेत पण मजा येते.

खाटीक बंग लेह सकाळी गाडीवरून कातडं आणून टाकतो. आज म्हणाला, ही म्हातारी गाय फार हट्टी होती, जपून खरवडा, अजून लाथ मारील. ते कातडं ताडीच्या सिरक्यात भिजत घालायचं, त्यात कुळिंजन ठेचून टाकायचं. तीन दिवसांनी केस आपोआप सुटतात. मग चौकटीत ताणायचं आणि रापीनं आतली चरबी आणि पापुद्रे काढत जायचे. रापी आडवी धरली तर घसरते, उभी धरली तर भोक पडतं. मामानं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून तिरपी कशी धरायची ते दाखवलं. मामा फार कमी बोलतो. आम्ही दोघं सकाळभर खरवडतो आणि एक शब्द बोलत नाही, आणि मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

कातडं तयार झालं की नाही ते कसं बघायचं, तर उन्हात धरायचं आणि मागं हात लावायचा. बोटं दिसली पाहिजेत. आज माझी पाचही बोटं दिसली. मामा म्हणाला, चांगलंय.

दुपारी सेंग काका येतो. तो मंडळाचा ढोलकीवाला. खेळ बंद आहेत तरी रोज येतो, चहा पितो, ढोलकी ठाकठीक करतो, जातो. म्हणतो, बैल जिवंतपणी नुसता हंबरतो, मेल्यावर माझ्याकडे येतो आणि मग ऐक त्याचं बोलणं. माझ्याकडे बघून म्हणाला, काय रे क्लाय, हिलापण ढोलकीवर ताणू या का, मग तरी तोंड उघडेल. मामीनं त्याला केळं फेकून मारलं. त्यानं ते झेललं आणि सोलून खाल्लं.

१७ ऑगस्ट

आज मामानं बाहुल्यांची पेटी उघडली. वर्षातून एकदा ऊन दाखवायला लागतं, नाहीतर बुरशी धरते.

सगळ्यात वर ऋषी, मग नंदीवर बसलेला देव ईसुअन, मग राजे-राण्या, खाली राक्षस. पण एक बाहुली वेगळी, पिवळ्या कपड्यात गुंडाळलेली. तो नोद. मामाच्या मंडळाचा विदूषक. काळा कुळकुळीत, पोट सुटलेलं, कमरेला पंचा, आणि खालचा जबडा दोरीनं हलतो. राजा-राणीचं कुणाला काही नसतं, माणसं नोदसाठी येतात. तो गावच्या पाटलालापण शिव्या घालतो आणि पाटील हसतो.

नोदच्या खालच्या ओठावर वेगळं कातडं शिवलेलं असतं. ते माणसाचं. मला माहीत होतं, आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. गुरू थकला की शिष्यापुढं पाय करतो आणि म्हणतो, घे. मग तो गेला की चितेआधी त्याच्या टाचेचा एक तुकडा काढून कमावून ओठाला लावतात. गुरूचं बोलणं मग वाया जात नाही. मामाच्या नोदला मामाच्या गुरूचा ओठ होता, पन्नास वर्षांत काळा पडलेला, खारकेसारखा, असं आई सांगायची.

आज मी बघितला तो तसा नव्हता. पातळ होता. फिक्कट. सात टाके नवीन दोऱ्याचे. मी बोट लावलं, तर मऊ. इतर सगळं चामडं कडक वाजतं आणि हा लोण्यासारखा. मी मामाकडे बघितलं. त्यानं पिवळं कापड परत गुंडाळलं.

२३ ऑगस्ट

आज काय झालं ते कसं लिहू.

मामा-मामी बाजारात गेले होते. गोठ्यात पडदा लावलेला असतो, दिवा लावून बाहुलीची सावली कशी पडते ते बघायला. नव्या बाहुलीवर नक्षीची भोकं सारखी पडलीत का ते मला बघायचं होतं. ते झालं आणि मी नोदला उचललं. नुसतं बघायला. काठी डाव्या हातात, जबड्याची दोरी उजव्या हातात. दोरी ओढली, आणि मी बोलले.

मी! मोठ्यानं. जाड, खरखरीत, पुरुषी आवाजात. म्हटलं, ए म्हशी, दिवा जरा वर धर, माझं पोट कापून टाकलंस पडद्यावर, चार वर्षं भात खाऊन कमावलंय. मग सेंग काकाबद्दल बोलले, त्याचा चहा, त्याची बायको, त्याची ढोलकी, कोण कोणाला जास्त बडवतं. एकामागून एक. मी स्वतःच हसत होते.

मागं काहीतरी पडलं. मामी दारात उभी होती आणि तिच्या हातातली वांगी खाली घरंगळत होती. रडत होती. मी घाबरून नोदला खाली ठेवला. तिनं जवळ येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, परत बोल. तसंच बोल.

मी परत बोलले. ती पडद्याच्या पुढं जमिनीवर बसली, हातानं तोंड दाबून. रडता रडता हसायला लागली. मामा आला, तोपण बसला.

सेंग काका नेहमीसारखा आला. अंगणातून ऐकलं त्यानं. चहा न पिता परत गेला.

३ सप्टेंबर

काल खेळ झाला! विहाराच्या आवारात. मामा राजांचे आवाज करायला आणि मी नोद. मी पडद्यामागं, कुणाला दिसत नाही, बाहेर चारशे-पाचशे माणसं. नोद पाटलाच्या नव्या कवळीवर बोलला. म्हणाला, पाटील, ते दात निवडणुकीपुरतेच आहेत का नंतरपण चावणार? लोक हसून हसून चटईवर आडवे. मला ती बाकं वाजवणारी पोरं आठवली. हेच बाकं वाजवणं, पण आता माझ्यासाठी.

परत येताना मामीनं माझा हात सोडला नाही. घरी आल्यावर कोलंबी आणि सातो परतून दिलं, स्वतःच्या हातानं भरवलं. मी म्हटलं, मामी, मी लहान आहे का. ती म्हणाली, गप. खा. तुला आवडतं ना.

मला सातो फार आवडतो असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण खाल्लं. कुणी माझ्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

११ सप्टेंबर

खेळांची बोलावणी येतायत. या आठवड्यात तीन झाले.

ओठ फुटलेत. खालचा जास्त. मामी रोज खोबरेल लावते, तासाभरात परत कोरडा. पापुद्रे निघतात, खरवडलेल्या कातड्याचे निघतात तसेच, लांब लांब. मामी म्हणाली वाऱ्यानं होतंय.

काल रविवार होता. पिमला फोन केला. गोष्ट सुरू केली, ससा आणि मगरीची, तिची आवडती. ती मध्येच म्हणाली, दादा, तुम्ही कोण? ताईला द्या ना फोन.

मी म्हटलं, अगं मीच. ती रडायला लागली. आईनं फोन घेतला आणि म्हणाली, नुअन, सर्दी झालीय का तुला, घसा किती बसलाय.

मी हो म्हटलं.

१६ सप्टेंबर

मामीनं क्रिआंगदादाचा निळा शर्ट दिला. म्हणाली, नुसता पडून आहे. घातला. मग म्हणाली, केस कापू या का, तुला गरम होत असेल.

मी नको म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले. न—एवढाच आवाज आला आणि बाकी हवा. दोनदा प्रयत्न केला. मग मान हलवली.

नोद हातात नसला की असं होतंय. चार दिवस झाले. सकाळी बरं असतं, थोडं बोलता येतं, पण तो आवाज माझा नाही. जाड आहे.

२१ सप्टेंबर

कालच्या खेळात नोद मध्येच थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला. दोरी माझ्या हातात होती. मग त्यानं म्हटलं, माझी टाच खाजतेय. लोक हसले. तो म्हणाला, पण खाजवू कशी, टाच तर तोंडाला आहे! लोक आणखी हसले. मामाच्या हातातला राजा खाली पडला.

आज सेंग काकाला गाठलं, तळ्यावर, तो कमळाचे देठ काढत होता. वहीच्या मागच्या पानावर लिहून विचारलं, नोदचा ओठ कुणाचा आहे. त्यानं वाचून वही परत दिली. मग म्हणाला, तुला काय वाटलं, म्हाताऱ्या गुरूचा ओठ एवढा गोरा असतो?

तो ओठ क्रिआंगदादाचा आहे.

तुझ्या मामाला कुणी नको म्हटलं असतं तरी ऐकलं नसतं, सेंग काका म्हणाला. हे मोठ्याचं लहानाकडे यायचं असतं. मोठ्याचं बोलून झालेलं असतं, म्हणून ते शांत राहतं, मदत करतं. वीस वर्षांच्या पोराचं काय बोलून झालं होतं? आणि त्यानं दिलं नव्हतं. पाय पुढं केला नव्हता. बापानं दवाखान्यातून आणलेल्या पोराच्या पायाचं कापून घेतलं. मी चादर धरली होती, मलापण पाप आहे. क्लाय म्हणत होता, याचा आवाज जाळू कसा, सेंग, तूच सांग, आवाज कसा जाळू.

काका रडत होता आणि कमळाचे देठ हातातून सुटून चालले होते.

२५ सप्टेंबर

आणखी एक. नोदनंच सांगितलं. आज सराव करताना, फक्त मामा होता.

म्हणाला, बाबा, मी त्या दिवशी हातयाय शहरात राहायला चाललो होतो. गॅरेजमध्ये काम मिळालं होतं. मी सांगितलं होतं ना मला हे करायचं नाही. तुम्ही फोन करून परत बोलावलंत. म्हणालात आई रडतेय.

मामानं झांज उचलली आणि वाजवायला लागला, मोठ्यानं, सारखी, नोदचं ऐकू येऊ नये म्हणून. मी दोरी सोडली होती. जबडा हलतच होता.

तो पुलावरून जात नव्हता. परत येत होता.

२८ सप्टेंबर

ठरवलं, नोदला हात लावायचा नाही.

मामी माझ्या पायाशी बसली. ती मोठी आहे, तिनं असं बसू नये. म्हणाली, खेळ नको करू, राहू दे. नुसतं दोन मिनिटं. त्याला विचार जेवलास का. एवढंच विचारते मी. मग ठेवून दे.

तिचे केस सगळे पांढरे झालेत, मी आले तेव्हा नव्हते.

मी उचलला.

तो म्हणाला, जेवलो, आई. आणि मग फक्त मला ऐकू येईल असं, माझ्याच घशात, ओठ न हलवता—मला जाऊ दे.

३० सप्टेंबर

आज पितरांचा पंधरवडा लागला. सगळ्यांचे मेलेले घरी येतात. मामी पहाटेपासून तांदळाच्या पिठाची जाळी पाडतेय कढईत, तिला ला म्हणतात. पातळ, जाळीदार, मेलेल्यांना अंगावर घ्यायला. ढीग झालाय. एका माणसाला एवढी वस्त्रं कशाला.

आरशात बघितलं. खिडकीत उभी होते, मागून ऊन. तोंड मिटलेलं होतं. तरी दात दिसत होते. खालच्या ओठातून. आरपार.

४ ऑक्टोबर

पिमचा फोन. मामीनं उचलून कानाला लावला माझ्या. पिम म्हणत होती, ताई, ताई, बोल ना, मी रडणार नाही, कसा पण आवाज असू दे.

तोंड उघडलं. आवाज आला, अरे वा, ही कोण छोटी उंदरी—

तो वाईट नाही. तो हसवायला गेला तिला. तिनं फोन आपटला.

८ ऑक्टोबर

सेंग काका आला. मामी विहारात होती. मामा समोर असतानाच बोलला, मुद्दाम.

शेवटच्या दिवशी पितर परत जातात. त्या दिवशी ओठ सोडवून ला-त गुंडाळून बाहेर ठेवायचा, इतर मेलेल्यांच्या नैवेद्याबरोबर. टाके तोडायचे. पण नुसतं तोडून भागत नाही. गुरू देताना तोंडानं म्हणतो घे. तसं सोडताना ज्याच्या तोंडून तो बोलतो त्यानं म्हणायचं, जा. स्वतःच्या आवाजात. त्याच्या आवाजात म्हटलं तर तो स्वतःलाच सांगतोय, त्याला काय अर्थ.

आणि नाही म्हणता आलं तर? मी लिहून विचारलं.

तर तो तुझ्यातच राहील, काका म्हणाला, आणि तू कुठं जाशील ते मला माहीत नाही पोरी.

मामा उठून बाहेर गेला. मग रापीला धार लावल्याचा आवाज येत राहिला, दुपारभर.

१० ऑक्टोबर

विहिरीवर सराव केला. जा. एवढाच शब्द.

त्याचा आवाज आला. परत. परत त्याचाच. विहिरीतून तोच फिरून येतो.

सतरा वेळा.

मग तो म्हणाला, सॉरी.

११ ऑक्टोबर

खालच्या ओठाखाली भोकं. बारीक. सरळ रांगेत. मोजली, सात.

दुखत नाही. काहीच कळत नाही तिथं. टिचकी मारली तर टपटप वाजतं, ढोलकीच्या कडेसारखं.

१२ ऑक्टोबर

मामीनं आज मला नुअन म्हटलं नाही. हाक मारली—क्रिआंग, भात वाढलाय.

गेले. काय करू. बसले. तिनं मासा काटे काढून दिला.

मामा ताटाकडे बघत होता. एक घास नाही खाल्ला.

१३ ऑक्टोबर

सकाळी उशाजवळ रापी. धार लावलेली. मूठ नवीन कापडानं गुंडाळलेली, माझ्या हातात बसेल अशी.

मामा अंगणात. चौकट बांधत होता, पाठ माझ्याकडे.

उद्या तो मामीला लवकर घेऊन जाणार विहारात.

१४ ऑक्टोबर, सकाळ

गेले दोघं. गोठा. दार उघडं ठेवलंय, उजेड पाहिजे. नोद मांडीवर. ला शेजारी पानावर. वही इथंच—लिहिलं की धीर येतो.

पहिला टाका.

रक्त. नोदचं नाही. माझ्या ओठावरून वहीवर पडलं. पहिल्या भोकातून.

दुसरा. दुखतंय आता. बरं झालं, दुखतंय. कातडं मेलेलं असतं तर दुखलं नसतं.

तो श्वास धरून बसल्यासारखा.

तिसरा

चौथा. म्हणून बघितलं, जा. त्याचाच आवाज. पण मागं काहीतरी, खाली, बारीक—

पाचवा. पावलं. मामी. एकटीच आलीय, पळत, एक चप्पल नाही. दारात उभी आहे. ओरडत नाही. नुअन, म्हणाली. किती दिवसांनी. म्हणाली, राहू दे बाळा, तो गेला तर माझ्याकडे काय उरतं.

बोलता येत नाही म्हणून लिहिते, ती खांद्यावरून वाचतेय—

मामी, तोच म्हणतोय जाऊ दे. रोज म्हणतो. तुला वाईट वाटेल म्हणून तुझ्यासमोर म्हणत नाही. त्या दिवशी पण तुझ्यासाठीच परत फिरला. आता तरी—

मी आहे. मी राहीन तुझ्याकडे. मुकी राहिले तरी राहीन. कातडी खरवडीन. पण त्याला

मामी खाली बसली. नोदला घेतलं मांडीवर. ओठावरून अंगठा फिरवतेय. रापी माझ्या हातातून काढून घेतली तिनं. मला वाटलं आता

सहावा तिनं तोडला. स्वतः. आई गं

ती रडतेय पण हात सरळ आहे. ओठ लटकतोय एका दोऱ्यावर. ला उघडून धरलीय. विचारतेय, नुअन, तोडू? म्हण आता. तुझ्या आवाजात म्हण, मी ऐकते, मी तुझाच आवाज ऐकते—

मान हलवून चालणार नाही. तोंडानं. तोंड उघडते

आवाज येतोय. कुणाचा ते अजून